प्रेमराजचा पाट

कामासाठी सुरतेला गेलेला नवरा, प्रेमराज, कित्येक वर्षांत परतला नाही, तरी कुंदाबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं. यंदा मात्र भाऊबंद मागेच लागले, तेव्हा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाने पितरांची घागर भरायला त्या कशाबशा तयार झाल्या. त्या दिवशी गेलेला माणूस आपल्या पाटावर जेवायला येऊन बसतो, म्हणतात. त्याचा दुभंगलेला पाट त्यांनी पिंप्राळ्याच्या छगन सुताराकडे टाकला. मागच्या खेपेला छगनने जुना डिंक न खरवडताच फळ्या चिकटवल्या होत्या. या वेळी त्याने सांधा खरवडून साफ केला आणि शिकंज्यात आवळून पक्का जोडला.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी कुंदाबाई पाटाचे दोन तुकडे घेऊन आल्या.

"कोणी बसलं होतं का, अक्का?"

"कोणीच नाही भाऊ. त्यांच्या नावाने मांडला, पान वाढलं. घरात मी एकटीच होती." बोलता बोलता त्यांचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला.

छगनने तुकडा उलटून पाहिला. "माझंच चुकलं, अक्का. डिंक पुन्हा कच्चा राहिला."

कुंदाबाईंचा हात खाली आला.



त्या गेल्यावर छगनने तुकड्यावरून पुन्हा बोट फिरवलं. डिंकाचा सांधा जिथल्या तिथे घट्ट होता. शेजारचं चांगलं सागवान कुणाच्या तरी भाराने मोडलं होतं.