भाजणाऱ्याला टाळ्या

अन्सेल्मोने निखाऱ्यांवर भाजत ठेवलेल्या बरगड्यांवर दुसऱ्यांदा मीठ टाकलं ते तिघांनीही पाहिलं, आणि तिघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं. ओविदिओ बुटाची नाडी सोडू लागला. रोमुलोला अचानक तंबूच्या खुंट्या तपासाव्याशा वाटल्या. नेलिदा ओढ्याकडे बघत राहिली. ओढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मीठ जाडं होतं आणि मूठ सढळ होती. पण भाजणाऱ्याच्या कामात दुसऱ्याने नाक खुपसायचं नसतं. निखारा हलवायचा नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. तो सगळ्यांना वाढतो, स्वतः शेवटी खातो, आणि पहिला घास पोटात गेला की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. घरचं अंगण असो की डोंगर, यात बदल नाही. तरुणपणापासून दर जानेवारीत, तिथल्या उन्हाळ्यात, हे चौघं पाठीवर बोजे टाकून एस्केल गावाहून डोंगरात निघत. पहिल्या मुक्कामाला मांस अन्सेल्मो भाजत असे आणि दुसऱ्या दिवशी खिंडीच्या वाटेवर पुढेही तोच चालत असे. ही कामं त्याला कुणी दिलेली नव्हती, त्यामुळे काढून घ्यायची कशी हेही कुणाला माहीत नव्हतं.

यंदा निघण्याआधी त्याच्या मुलीचा नेलिदाला फोन आला होता. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, ती म्हणाली. परवा बाजारातून चालत घरी आले, गाडी तिथेच राहिली. त्यांना नेऊ नका असं ती म्हणाली नाही, सांभाळा एवढंच म्हणाली. मग तिघांनी आपापसात ठरवलं, त्याला काही जाणवू द्यायचं नाही. खिंडीपलीकडे दोन उतार आहेत. एक तळ्याकडे जातो, दुसरा कड्यापाशी संपतो. ओविदिओने वाट मोबाइलमध्ये घालून घेतली होती. अन्सेल्मो पुढे चालेल, आणि तो चुकायला लागला की मागून कुणीतरी गुडघा दुखल्याचं सोंग करून बसेल, मग बोलता बोलता त्याला वळवायचं. बेत मायेचा होता. शहाणपणाचा होता की नाही, ते कुणी विचारलं नव्हतं.

"या रे ताटल्या घेऊन," अन्सेल्मोने हाक दिली. "टकल्या, तुला चरबीचा तुकडा. डोक्यावर नाही तर निदान पोटावर काहीतरी वाढू दे."

"माझ्या पोटाचं मी बघतो. तू वाढ," ओविदिओ म्हणाला.

रोमुलोने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर फार होतोय, तो म्हणाला. धूर दुसऱ्याच दिशेला जात होता. पाण्याची बाटली मधोमध ठेवलेली होती, पण तिला कुणी हात लावला नाही. पाणी प्यायलं की अन्सेल्मोला कळणार. तिघं चावत राहिले.

"भाजणाऱ्याला टाळ्या!" रोमुलो ओरडला. टाळ्या नेहमीपेक्षा जोरात वाजल्या.

"मीठ कसं झालंय?" अन्सेल्मोने विचारलं.

"अगदी बेताचं," ओविदिओ म्हणाला.

"तुझा हात कधी चुकलाय का?" नेलिदा म्हणाली.

अन्सेल्मोने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो ओंडक्यावर बसला. स्वतःसाठी त्याने तुकडा घेतलाच नाही.

"दोनदा घातलंय. तुमच्या डोळ्यांदेखत, मुद्दाम. हे कुत्र्यानेही तोंडात धरलं नसतं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

बाटलीला अजूनही कुणी हात लावला नाही, पण आता शरमेने.

"माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरने सांगितलंय. पोरीने तुम्हाला फोन केला असणार, तेही ठाऊक आहे. मला एवढंच बघायचं होतं, की मी चुकलो तर तुमच्यापैकी कुणी सांगतं का. खारट मांसाने माणूस मरत नाही. पण उद्या खिंड आहे."

"अरे, तुला वाईट वाटू नये म्हणून..." रोमुलोने सुरुवात केली.

"वाटलं असतं. मग?"

मावळतीचं ऊन डोंगरमाथ्याकडे सरकत गेलं होतं आणि दिवसभर छळणाऱ्या घोडमाशा निघून गेल्या होत्या. अन्सेल्मो सुरीने जाळी खरवडत बसला. मग त्याने मान वर केली.

"गेल्या वर्षी मी तुम्हाला कड्याच्या बाजूने उतरवलं. परत वर चढताना जाड्याचा पाय घसरला होता, तेवढं आठवतंय. तुम्ही म्हणालात, धुकं होतं, कुणीही चुकलं असतं. मला धुकं आठवत नाही. पण मला हल्ली बरंच काही आठवत नाही, म्हणून विचारतो. खरं सांगाल तर उद्या तुमच्या मागून चालेन. नाहीतर सकाळी इथूनच माघारी फिरतो."

जाड्या म्हणजे रोमुलो. त्याने ताटलीत मान घातली. ओविदिओने नेलिदाकडे पाहिलं. तिने ताटली खाली ठेवली. मिठाने तिचा घसा कोरडा पडला होता.

"धुकं नव्हतं," ती म्हणाली. "लख्ख ऊन होतं. वरून तळं दिसत होतं, अन्सेल्मो."

त्याने मान हलवली. मग बाटली उचलली, झाकण काढलं आणि तिच्या हातात दिली.

"प्या आता पाणी," तो म्हणाला.