अर्धं शहर कोरडं

पदवी हातात पडून दोन महिने आणि पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता, तोच तिने अर्ध्या शहराचं पाणी तोडलं. सकाळच्या पाण्याच्या नमुन्यात तपासणीचे थेंब टाकले, तर जंतू मारणारं क्लोरिन असल्याचा पिवळा रंग काही केल्या येईना. साहेबांचा फोनही लागेना. शेवटी तिने मन घट्ट केलं आणि व्हॉल्व्ह बंद करायला लावला.

तेव्हापासून ऑफिसातला फोन नुसता कोकलत होता. दुपारी साहेब धापा टाकत आले, तेव्हा दोन बाटल्या हातात धरून ती दारातच उभी होती.

"सर, पाणी चांगलंच होतं. माझीच थेंबांची बाटली जुनी निघाली, मी तारीख बघितली नाही. नव्या बाटलीने लगेच रंग आला. व्हॉल्व्ह आत्ताच उघडायला सांगितलाय."

"हे आणखी कुणाला माहितीये?"

"कुणालाच नाही."

"मग गुपचूप फेकून द्यायचीस ना ती बाटली!"

"रजिस्टरमध्ये लिहून टाकलंय, सर."

साहेबांनी ती नोंद दोनदा वाचली. खणातून एक टाइप केलेला कागद काढला. तिला वाटलं, आठवड्यातच नोकरी गेली, आता आईला काय सांगायचं?

साहेबांनी तो कागद टराटरा फाडला.

"माझा नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज होता. हे सगळं कुणाच्या भरवशावर सोडून जायचं, तेच कळत नव्हतं." ते पहिल्यांदाच हसले. "आता रिटायर होतो आणि घरी बसून बिनघोर नळाचं पाणी पितो."