दोन सीटची गाडी

हुसेनसाबच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या विकायला होत्या. दोन्ही विलायती, बिनटपाच्या, दोघांपुरत्या. एक विटांवर उभी होती आणि तिचं सगळं इंजिन सुटं करून गोणपाटावर मांडलं होतं. दुसरी चालत होती. पेट्रोल महागल्यापासून असल्या गाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, म्हणून तर मिलमधून नुकताच रिटायर झालेला चनमल्लप्पा जॉबर त्यातली एक घ्यायला येऊ शकला होता.

तो सरळ विटांवरच्या गाडीकडे गेला. बत्तीस वर्षं जॉबर म्हणून मिलचे माग दुरुस्त केलेला माणूस. मोडलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. तो गोणपाटाशी उकिडवा बसला. एकेक तुकडा उचलायचा, पंच्याने पुसायचा, उलटा करून बघायचा. बघता बघता त्याच्या डोळ्यांपुढे गाडी उभी राहिली, लाल, चकचकीत, अंगणातल्या उन्हात. दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. लागेनात का!

हुसेनसाब त्याच्या समोर येऊन बसला आणि ओठ मोठे हलवत म्हणाला, "ही निम्म्यात देतो, जॉबर. उरल्या पैशात सामान घ्या. पर काम लई हाय."

मागांच्या खडखडाटाने चनमल्लप्पाचे कान कधीच गेले होते. त्याने ओठ वाचले आणि खूश होऊन म्हणाला, "कामच पायजे की."

त्याची बायको नीलव्वा दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं. नवरा घरी बसल्यापासून घरात धड एक बोलणं होत नव्हतं. ती घसा फोडून सांगायची, तो भलतंच उत्तर द्यायचा, मग दोघंही गप्प. आता हा माणूस तीन वर्षं गाडीखाली जाणार आणि आपण तीन वर्षं त्याच्या पायांशी बोलणार, असं तिला वाटलं.

तिने जाऊन त्याचा खांदा आपल्याकडे वळवला. "मला आज बसायचंय," एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली. "तीन वर्सांनी न्हाय. आज."

"त्या दुसरीत काय करायचं? ती तर चालतीया," चनमल्लप्पा म्हणाला. त्याला ते खरंच कळत नव्हतं.

हुसेनसाबने हसत चालत्या गाडीची किल्ली पुढे केली. "येक चक्कर मारून या दोगं. तिसऱ्याला जागाच न्हाय तिच्यात."

चनमल्लप्पा मिलचा ट्रक चालवायला शिकलेला होता. त्याने गाडी होटगी रस्त्याला लावली आणि पाय दाबला. गाडी अशी काही गरजली की बांधावरची पाखरं उठली. दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यात आली होती, ऊन कलतं होतं. नीलव्वाने पदर दातात धरला. आपण जागच्या जागी आहोत आणि रस्ताच आपल्याखालून वाहत चाललाय, असं तिला वाटू लागलं. तिला फार बरं वाटत होतं. तसं सांगायला तिने तोंड उघडलं, तर तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

मग तिचा हात आपोआप वर गेला. लग्नाआधी तीही त्याच मिलमध्ये कामाला होती. तिथल्या गोंगाटात कुणी तोंडाने बोलतच नसे, सगळे हातांनी बोलत. पुढे रस्त्यात एक म्हैस आडवी उभी होती. नीलव्वाने कपाळावर टोपीच्या कडेसारखा तळवा धरला. मिलमधली जुनी खूण: साहेब आला!

चनमल्लप्पाने म्हशीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याला इतकं हसू आलं की गाडी हळू करावी लागली. त्याने अंगठा ओठाला लावला. चहा पाज त्याला!

मग काही ती थांबेना. शेजारणीचं सांगून झालं, पाण्याच्या नळाचं झालं, लेकीच्या पत्राचं झालं. त्याला सगळं कळत होतं. शेवटी तिने त्याच्याकडे बोट केलं, मग आपल्या ओठांकडे, मग स्वतःकडे, आणि तळहात उताणा केला. तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?

 मग त्याने कानाला हात लावला आणि तोच हात चेहऱ्यावरून खाली ओढला. ऐकू येत नाही. लाज वाटते.

नीलव्वाने त्याचा हात घट्ट धरला. आणि लगेच सोडला, कारण त्याला अजून बोलायचं होतं.

ते परतले तेव्हा सूर्य टेकला होता. हुसेनसाब काळजीने रस्त्यावर येऊन उभा होता. चनमल्लप्पाने गाडी बंद केली, पण किल्ली परत दिली नाही, खिशात टाकली.

"सायलेन्सर सडलाय तिचा," हुसेनसाब ओशाळून म्हणाला. "निम्म्या गावाला आवाज गेला आसंल. हीच घेत आसाल तर फुकटात नवा बसवून देतो, जॉबर. मग चालू हाय का बंद ते आवाजानं कळायचं न्हाय, बगा."

"नवा नगं, बाबा," नीलव्वा घाईघाईने म्हणाली. "आमाला गाडीत बोलायचं असतंय."