तीनचा खेळ

चौऱ्याहत्तर साली सात रस्त्याजवळच्या टॉकीजला म्हाताऱ्या बहीण-भावाचा पिक्चर लागला, म्हणून सोमलिंगअण्णा धाकट्या बहिणीला, मल्लव्वाला घेऊन तीनच्या खेळाला गेले. दोघांच्या घरात तिसरं माणूस नव्हतं. पडद्यावरचा भाऊ शेवटी मेला, बहीण एकटी उरली, आणि मल्लव्वाचं टाळकंच सरकलं. बाहेर पडताना तिनं दारावरच्या माणसाला गाठलं.

“त्यो म्हातारा का मेला रं?”

“आज्जी, त्यो रोज तीन येळा मरतोय की.”

“आन् तुमी निस्तं बघत बसता व्हय?”

घरी आल्यावर तिनं अण्णांच्या ताटात भाकरी आदळली. “माज्याआदी मेलास तर तंगडं मोडीन, सांगून ठेवते!” अण्णांनी मुकाट्यानं मान हलवली. त्या रागापुढं मरायचीसुद्धा सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना पुन्हा त्याच पिक्चरला ओढत नेलं. इंटरवलचे दिवे लागले, तोवर पिक्चरमधला भाऊ ठणठणीत होता, बहिणीच्या ताटातली शेंगाचटणी पळवत होता.

 

मल्लव्वानं अण्णांचं मनगट घट्ट धरलं. “ऊठ, अण्णा. पिक्चर संपला.”