हसून बोलायचा सराव

"मार्केत्ता, तुम्ही आमच्याकडे आलात, फार बरं वाटलं. काहीही लागलं, तर मी आहेच."

तापिओनं फोनच्या कॅमेऱ्यात बघून हे आठव्यांदा म्हटलं आणि कारखान्याच्या मालकीणबाई येन्नीनं आठव्यांदा कपाळाला हात लावला. सॉनाची शेगडी ज्यानं जोडली, त्यानंच गिऱ्हाइकाचं नाव घेऊन हसऱ्या चेहऱ्यानं व्हिडिओ पाठवायचा, हे खूळ ती हेलसिंकीच्या कुठल्याशा शिबिरातून घेऊन आली होती.

"अहो तापिओ, मयताची बातमी दिल्यासारखं काय बोलता? जरा जिव्हाळा दाखवा की!"

"शेगडी चांगली आहे. वीस वर्षं हलायची नाही. आणखी काय बोलायचं?" तापिओ करवादला. "बाईला शेगडी हवीय, मी नकोय."

"घरी जा, बायकोसमोर सराव करा. उद्या मला हसरा चेहरा हवाय."

तो धुसफुसतच घरी आला. हिल्का ओट्याशी राय धान्याचा काळा पाव कापत होती. एकदाची ही ब्याद टळू दे, म्हणून कोटही न काढता तो बायकोपुढे उभा राहिला, ओठ फाकवले आणि शिकवल्याप्रमाणे आधी नाव घेतलं.

"हिल्का, तू माझ्याकडे आलीस, फार बरं वाटलं. काहीही लागलं, तर मी आहेच."

एकतीस वर्षांच्या संसारात पाव कापताना हिल्काचा हात कधी थांबला नव्हता. आज थांबला. सुरी बाजूला ठेवून ती मटकन खुर्चीत बसली.

"खरं सांग," ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले?"