डबा थेट दारात

मे महिन्यात बोरिवलीतली आमची अर्धी बिल्डिंग कोकणात पळते आणि आईच्या डब्यांची गिऱ्हाइकं गळतात. यंदा मी म्हटलं, आई, मार्केटिंग माझ्यावर सोड! सोसायटीच्या ग्रुपवर झकास पोस्टर टाकलं: ‘घरचे गावाला गेले? गरमागरम डबा थेट दारात!’

पहिली ऑर्डर चौथ्या मजल्यावरच्या नीलाकाकूंची. पंधरा दिवस रोज. मी त्यांच्या हातात डबा द्यायचे आणि पुढच्या दाराकडे पळायचे. आईसमोर नुसता भाव खात होते.

आज काकूंनी दार उघडलं, तर आतून आमटीचा घमघमाट आला. ओट्यावर ताज्या पोळ्या, फणसाची भाजी. आणि बाजूला आमचा कालचा डबा, झाकणसुद्धा न उघडलेला. माझं तोंडच उतरलं.

“काकू, आईच्या हातचं आवडत नाही का? सांगा ना, मी बोलते तिला.”

“चांगलंच असेल गं.”

“मग रोज मागवता कशाला?”

काकूंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

“डबा मागवला नसता, तर तू आली असतीस का?”