आभाळ झकास आलंय

अलीकडं विसरायला लागलेली बायको सकाळी घरातून निघाली ती परतलीच नाही. तिचा फोटोग्राफर नवरा धापा टाकत पोलीस चौकीत पोचला.

"तोंड नीट दिसेल असा एक फोटो द्या," हवालदार म्हणाला.

"फोटोंना काय तोटा!" त्यानं मोबाईल पुढं केला. डोंगर, समुद्र, धरण, आणि आभाळ मोठं दिसावं म्हणून प्रत्येक फोटोत उभी केलेली बायको.

हवालदारानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "आभाळ झकास आलंय हो. पण बाईंचं तोंड काळंठिक्कर!"

"ते काचेमुळं. वरून काळी, खालून साफ अशी काच लावतो लेन्सपुढं, नाहीतर आभाळ पांढरंफटक पडतं. आता काळ्या भागात जे डोकं येईल ते..."

बायको दरवेळी म्हणायची, "अहो, एकदा ती काच बाजूला ठेवून काढा की माझा!" आणि हा खेकसायचा, "हलू नकोस गं, उजेड चाललाय!"

सगळे फोटो चाळून झाले. चपला लख्ख, हातातली पिशवी लख्ख, खांद्याच्या वर अंधार.

"ओळखपत्र तरी?"

"तिच्या पर्समध्येच आहे."

"मग तोंडावरची एखादी खूण सांगा. तीळ, व्रण?"

त्यानं डोकं खाजवलं, आणि कोपऱ्यात जाऊन मेहुणीला फोन लावला. "अगं, तुझ्या ताईच्या तोंडावर तीळबीळ आहे का गं कुठं?"



"भावोजी, इतकी वर्षं ती तुमच्याच समोर उभी होती ना हो?"